अन्ननलिकेचें दार : एका शस्त्रक्रियेचा इतिहास

माणूस घांस गिळतो आणि लगेच त्याला विसरतो. घांस घशाखालीं उतरला, कीं आपलें काम संपलें, अशी त्याची समजूत असते. परंतु छाती आणि पोट यांच्या सीमेवर निसर्गानें एक दार बसविलेलें आहे. तें घांसापुरतें उघडतें आणि घांस गेला कीं मिटतें. सारें आयुष्यभर तें असें उघडतें आणि मिटतें. तरी धडधाकट माणसाला त्याची जाणीवहि नसते. तें सैल पडलें म्हणजे मात्र जेवणानंतर छातीच्या मध्यभागीं आग पेटते, खालीं वांकलें कीं आंबट पाणी घशाशीं येतें, आणि रात्रीं आडवें झालें कीं झोंप उडते. अम्लपित्त हा शब्द आपल्याकडे घरोघर माहीत आहे. माधवनिदान या जुन्या वैद्यकग्रंथांत त्याचें स्वतंत्र प्रकरण असून वर येणारें आणि खालीं जाणारें असे त्याचे दोन प्रकार सांगितले आहेत. दुखणें इतकें जुनें. पण त्यांतल्या एका मोठ्या भागाचें मूळ या दारांत आहे, आणि तें दार दुरुस्त करतां येतें, हें कळावयास विसावें शतक अर्धें उलटावें लागलें.

या इतिहासाकडे वळण्यापूर्वीं शरीराची रचना थोडी ध्यानांत घेतली पाहिजे. छाती आणि पोट यांच्यामध्यें श्वासपटल नांवाचा स्नायूंचा एक घुमटाकार पडदा आहे. त्याला तीन मोठीं छिद्रें आहेत. एकांतून हृदयाकडे जाणारी मोठी नीला, दुसऱ्यांतून हृदयाकडून निघालेली महारोहिणी, आणि तिसऱ्यांतून अन्ननलिका जाते. छातींतील दाब पोटांतील दाबापेक्षां कमी असतो. त्यामुळें प्रत्येक श्वासाबरोबर पोटांतील इंद्रियांना वरची ओढ लागते. खोकला, ओझें उचलणें, कुंथणें, गरोदरपण, लठ्ठपणा आणि वाढतें वय यांनीं ही ओढ वाढते किंवा छिद्राचे कांठ तरी सैल होतात. मग जठराचा वरचा भाग त्या छिद्रांतून छातींत शिरतो. यालाच श्वासपटलाचा अंतर्गळ म्हणतात.

याचे प्रकार मुख्यतः दोन. पहिल्यांत अन्ननलिका आणि जठर यांचा सांधाच वर सरकतो. शेंकडा नव्वदांहून अधिक अंतर्गळ या जातीचे असतात. दुसऱ्यांत सांधा जागच्या जागीं राहतो आणि जठराचा माथा नलिकेच्या बाजूनें वर घुसतो. पहिल्या प्रकारांत आम्ल उसळण्याचें दुःख मोठें. दुसऱ्यांत जठराला पीळ पडून तें कोंडण्याचें भय मोठें. अंतर्गळ असलेल्या कित्येकांना कांहींहि त्रास होत नाहीं, आणि छातींत जळजळणाऱ्या कित्येकांना अंतर्गळ नसतो. हीच गोष्ट शस्त्रवैद्यांना दीर्घकाळ उमगली नाहीं. छिद्र बुजविणें हें एक काम आणि दार मिटेल असें करणें हें दुसरें काम. या दोहोंतला भेद कळण्याची कथा म्हणजेच या शस्त्रक्रियेचा इतिहास होय.

प्रारंभींचीं सर्व वृत्तें मृतांचीं आहेत. सोळाव्या शतकांत फ्रान्सचे प्रख्यात शस्त्रवैद्य आंब्रोआज पारे यांनीं श्वासपटलाला पडलेल्या भोंकांतून पोटांतील इंद्रियें छातींत शिरल्याचीं उदाहरणें नोंदविलीं. त्यांतील एक गोळी लागलेल्या एका लष्करी अधिकाऱ्याचें होतें. तो जखमेंतून वांचला. पण कांहीं महिन्यांनीं पोटांत कळा येऊन मरण पावला. शव उघडलें, तेव्हां पडद्याला बोटाचें टोंक जेमतेम जाईल एवढें भोंक आढळलें आणि त्यांत मोठें आंतडें अडकलेलें होतें. पुढें इ.स. १८५३ मध्यें बोस्टन येथील डॉ. हेन्री बॉडिच यांनीं १६१० पासून १८४६ पर्यंत प्रसिद्ध झालेलीं श्वासपटल-अंतर्गळाचीं ८८ उदाहरणें एकत्र करून तपासलीं. सव्वादोनशें वर्षांत साऱ्या जगांतून अवघीं अठ्ठ्याऐंशीं! रोग विरळ होता म्हणून ही संख्या लहान नव्हती. रोग्याच्या जिवंतपणीं छातीच्या आंत पाहण्याची सोय नव्हती, म्हणून ती लहान होती.

ती सोय १८९५ सालीं झाली. जर्मनींत राँटगेन यांनीं क्ष-किरणांचा शोध लावला. मऊ इंद्रियें या किरणांत स्पष्ट दिसत नाहींत. म्हणून रोग्याला प्रथम बिस्मथाची आणि १९१० च्या सुमारास बेरियमची खळ पाजून छायाचित्र घेण्याची पद्धत सुरू झाली. ती पांढरी खळ जठरांत उतरली म्हणजे जठराची आकृति काचेवर उमटे, आणि तिचा एखादा तुकडा पडद्याच्या वर दिसला कीं निदान होई. १९२६ सालीं स्वीडनचे क्ष-किरणतज्ज्ञ ओकरलुंड यांनीं अशा अंतर्गळांचें तीन प्रकारांत वर्गीकरण केलें. विरळ समजला जाणारा रोग एकाएकीं सर्वत्र दिसूं लागला.

दिसूं लागलेला दोष दुरुस्त करावा, असें शस्त्रवैद्याला वाटणें स्वाभाविकच होतें. १९१९ सालीं न्यूयॉर्क येथील डॉ. अँजेलो सोरेसी यांनीं हा अंतर्गळ समजतो त्याहून पुष्कळ अधिक आढळतो, असें सांगून जठर खालीं ओढून छिद्र शिवण्याची रीत प्रसिद्ध केली. १९२८ सालीं अमेरिकेंतील मेयो रुग्णालयाचे डॉ. स्टुअर्ट हॅरिंग्टन यांनीं २७ रुग्णांवरील आपला अनुभव मांडला. या सर्वांच्या मनांतील चित्र जांघेंतील अंतर्गळाचें होतें. भिंतीला भोंक पडलें आहे, आंतली वस्तु बाहेर आली आहे. ती आंत ढकलावी आणि भोंक शिवून टाकावें, एवढाच त्यांचा विचार. परंतु जांघेंतील भोंक पूर्ण बुजवितां येतें; अन्ननलिकेचें छिद्र पूर्ण बुजवितां येत नाहीं. पूर्ण बुजविलें तर रोगी उपाशी मरेल. घांस जाण्यापुरती वाट ठेवावीच लागते. आणि घांस जाण्याची वाट तीच आम्ल येण्याची वाट! या शिवणीनें पुष्कळांची छायाचित्रें सुधारलीं, पण जळजळ मात्र अनेकांची राहिली.

ही जळजळ कशाची, याचें उत्तर वेगळ्याच बाजूनें आलें. १९३५ सालीं न्यूयॉर्कचे डॉ. अॅशर विंकेलस्टाइन यांनीं पांच रुग्णांचें वृत्त प्रसिद्ध केलें. त्या सर्वांच्या अन्ननलिकेच्या खालच्या टोंकाला दाह झालेला होता. जठरांतील आम्ल आणि पाचक रस वर येऊन नलिकेचें अस्तर जाळीत असावेत, असें अनुमान त्यांनीं काढलें. जठराचें अस्तर आम्ल सहन करण्यासाठींच घडलेलें असतें; अन्ननलिकेचें अस्तर तसें नसतें. आज हें अनुमान सरळ वाटतें. त्या काळीं मात्र अंतर्गळ शिवणाऱ्यांचा मार्ग निराळा होता आणि आम्लाचा विचार करणाऱ्यांचा निराळा.

हे दोन मार्ग इंग्लंडांत लीड्स येथें एकत्र आले. तेथील शस्त्रवैद्य डॉ. फिलिप अॅलिसन यांनीं १९५१ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. सरकत्या अंतर्गळाचें खरें दुःख जठर वर जाण्यांत नसून त्यामुळें आम्ल अन्ननलिकेंत उसळण्यांत आहे, असें त्यांनीं प्रतिपादिलें. श्वासपटलाचे स्नायू अन्ननलिकेला चिमटा घेतल्याप्रमाणें धरतात, आणि सांधा वर सरकला म्हणजे हा चिमटा निरुपयोगी होतो, असा त्यांचा सिद्धान्त होता. तेव्हां छिद्र बुजविण्यापेक्षां सांधा मूळ जागीं आणून बसविणें महत्त्वाचें. अॅलिसन डाव्या बाजूनें छाती उघडीत, सांध्याभोंवतींचें पातळ आवरण पडद्याच्या खालच्या अंगाला टांक्यांनीं जोडीत, आणि नलिकेच्या मागें स्नायूंचे दोन पदर जवळ आणीत. शरीराची रचना पूर्ववत् केली, कीं क्रियाहि पूर्ववत् होईल, असा त्यांचा विश्वास होता.

विचार योग्य दिशेचा होता; शस्त्रक्रिया मात्र टिकाऊ ठरली नाहीं. हें जगाला कोणी सांगितलें? स्वतः अॅलिसन यांनींच. १९७३ सालीं त्यांनीं आपल्या वीस वर्षांच्या कामाचा आढावा प्रसिद्ध केला. चारशेंहून अधिक रुग्णांचा मागोवा घेतला, तेव्हां जवळजवळ निम्म्यांत अंतर्गळ किंवा आम्लाचा उपद्रव परत आलेला होता. ज्या शस्त्रक्रियेला आपलें नांव मिळालें, तिचें अपयश आपल्याच लेखणीनें आंकड्यांनिशीं मांडावयाचें, याला मोठें धैर्य लागतें. पुढच्याच वर्षीं अॅलिसन निवर्तले. छायाचित्र सुधारलें म्हणजे रोगी बरा झाला असें नव्हे, आणि रोगी आज बरा आहे म्हणजे दहा वर्षांनीं बरा असेल असेंहि नव्हे, हा धडा त्यांच्या आढाव्यानें पुढील पिढीला घालून दिला.

दरम्यान दाराची खरी युक्ति दुसऱ्याच एका शस्त्रवैद्याच्या हातीं आली होती. रुडॉल्फ निस्सेन यांचा जन्म १८९६ सालीं सायलेशियांतील नायसे या गांवीं झाला. वडील शस्त्रवैद्यच होते. पहिल्या महायुद्धांत निस्सेन यांच्या फुप्फुसाला जखम झाली होती. पुढें ते बर्लिनचे विख्यात शस्त्रवैद्य झावरब्रुख यांचे सहायक झाले. छाती उघडली कीं बाहेरच्या हवेच्या दाबानें फुप्फुस मिटतें आणि रोगी गुदमरतो, ही त्या काळची मोठी अडचण होती. झावरब्रुख यांनीं १९०४ सालीं कमी दाबाची पेटी तयार करून तिच्यावर उपाय शोधला होता. अशा गुरूच्या हाताखालीं शिकून निस्सेन यांनीं १९३१ सालीं एका मुलीचें एका बाजूचें संपूर्ण फुप्फुस काढून तिला वांचविलें.

१९३३ सालीं हिटलरची सत्ता आली आणि ज्यू वंशाच्या निस्सेन यांना जर्मनी सोडावी लागली. त्याच सुमारास केमाल आतातुर्क यांच्या राजवटींत इस्तंबूलच्या विद्यापीठाची पुनर्रचना चालली होती आणि परागंदा जर्मन प्राध्यापकांना तेथें आश्रय मिळत होता. निस्सेन तेथें शस्त्रविभागाचे प्रमुख झाले. १९३६ च्या सुमारास त्यांच्यापुढें एक तरुण रोगी आला. त्याच्या अन्ननलिकेच्या खालच्या टोंकाला झालेला व्रण हृदयाच्या आवरणापर्यंत पोंचला होता. निस्सेन यांनीं तेवढा भाग कापून काढला आणि उरलेली नलिका जठराला जोडली. हा जोड सुटूं नये, म्हणून त्यांनीं जठराच्या माथ्याची घडी त्याच्याभोंवतीं गुंडाळून शिवली. हेतु एवढाच, कीं सांध्याला वरून आधार मिळावा. परंतु पुढें अनेक वर्षांनीं त्या रोग्याची वार्ता कळली, तेव्हां एक आश्चर्य आढळलें. अशा शस्त्रक्रियेनंतर आम्ल हटकून वर उसळतें. या माणसाला मात्र जळजळीचा कांहींच त्रास नव्हता.

ही गोष्ट निस्सेन यांच्या मनांत राहिली. १९३९ सालीं ते अमेरिकेंत गेले आणि कालांतरानें ब्रुकलिन येथें काम करूं लागले. १९४८ च्या डिसेंबरांत त्यांनीं आल्बर्ट आइन्स्टाइन यांच्यावर शस्त्रक्रिया केली. आइन्स्टाइन यांच्या पोटांतील महारोहिणी फुग्यासारखी फुगली होती. ती काढून टाकण्याचा उपाय त्या वेळीं नव्हता. म्हणून निस्सेन यांनीं तिच्याभोंवतीं सेलोफेनचा कागद गुंडाळला, कीं त्यानें तेथें घट्ट तंतु वाढावेत आणि रोहिणी फुटूं नये. त्यानंतर आइन्स्टाइन सहा वर्षांहून अधिक जगले आणि १८ एप्रिल १९५५ रोजीं ती रोहिणी फुटूनच त्यांचा अंत झाला.

१९५२ सालीं निस्सेन स्वित्झर्लंडांत बाझेल विद्यापीठांत प्राध्यापक म्हणून आले. तेथें १९५५ सालीं एका ४९ वर्षांच्या स्त्रीला आम्ल उसळून अन्ननलिकेचा दाह झालेला होता. इस्तंबूलच्या त्या रोग्याची आठवण येऊन निस्सेन यांनीं तिच्या जठराचा सैल माथा अन्ननलिकेच्या मागून फिरवून पुढें आणला आणि नलिकेच्या खालच्या टोंकाभोंवतीं गळपट्ट्याप्रमाणें गुंडाळून टांक्यांनीं शिवला. हें वेष्टन सुमारें सहा सेंटीमीटर लांबीचें होतें. अशा दोन रुग्णांचें वृत्त त्यांनीं १९५६ सालीं एका स्विस वैद्यकीय साप्ताहिकांत दिलें. या क्रियेला पुढें फंडोप्लिकेशन हें नांव मिळालें.

या गळपट्ट्याचें रहस्य सोपें आहे. जठर भरलें किंवा त्यांतला दाब वाढला, म्हणजे तोच दाब गुंडाळलेल्या भागांतहि वाढतो आणि नलिका बाहेरून आवळली जाते. म्हणजे आम्लाला वर ढकलणारें बळच दार मिटण्याच्या कामीं येतें. अॅलिसन यांनीं जुनी रचना परत आणावयाचें ठरविलें होतें. निस्सेन यांनीं जुनी रचना बिघडली असतां नवी झडप उभी केली. १९५६ सालींच मेयो रुग्णालयांतील संशोधकांनीं सूक्ष्म दाबमापकाच्या साह्यानें अन्ननलिकेच्या खालच्या टोंकाशीं अधिक दाबाचा एक पट्टा असतो, हें दाखविलें. दार म्हणून जें कल्पिलें होतें, तें आतां मोजतां येऊं लागलें. १९७४ सालीं जॉन्सन आणि डीमीस्टर या अमेरिकन वैद्यांनीं अन्ननलिकेंत बारीक नळी ठेवून चोवीस तासांत आम्ल किती वेळ वर येतें, हें मोजण्याची पद्धत बसविली. त्यामुळें शस्त्रक्रियेपूर्वींची आणि नंतरची स्थिति आंकड्यांत ताडून पाहतां येऊं लागली.

परंतु नव्या झडपेनें नवी पीडाहि आणली. जीं दारें फार सैल होतीं, तीं आतां फार घट्ट झालीं. घांस छातींत अडकूं लागला. ढेकर येईना, उलटी होईना. गिळलेली हवा पोटांत कोंडून पोट तड लागल्यासारखें फुगूं लागलें. मग पुढचीं तीस वर्षें शस्त्रवैद्य या एकाच प्रश्नाशीं झुंजत राहिले : आम्ल अडेल पण घांस अडणार नाहीं, एवढें घट्ट म्हणजे किती घट्ट? फ्रान्समध्यें १९६२ सालीं दोर यांनीं पुढच्या बाजूनें आणि १९६३ सालीं तुपे यांनीं मागच्या बाजूनें, पूर्ण वेढा न घेणारें अर्धवट वेष्टन सुचविलें. इंग्लंडांत कॉलिस यांनीं १९५७ सालीं, दाहानें आंखूड झालेली नलिका जठराच्याच एका पट्टीनें लांबविण्याची रीत काढली. सिअॅटलचे ल्यूशस हिल यांनीं १९६७ सालीं सांधा मागील बळकट बंधांना बांधण्याची पद्धत मांडली.

ब्रिस्टलचे रोनाल्ड बेल्सी यांची रीत तर विशेष सांगण्यासारखी आहे. यंत्रांच्या नव्या नव्या नमुन्यांना क्रमांक देतात, त्याप्रमाणें त्यांनीं आपल्या शस्त्रक्रियेला "मार्क चार" असें नांव दिलें. कारण आधींचे तीन प्रकार त्यांना समाधानकारक वाटले नव्हते. ती प्रसिद्ध करण्याची त्यांनीं घाई केली नाहीं. १९६७ सालीं स्किनर यांच्यासह त्यांनीं तिचें सविस्तर वृत्त दिलें, तेव्हां त्यामागें १,०३० रुग्णांचा दीर्घ अनुभव उभा होता.

निस्सेन यांच्या मूळ क्रियेंतहि सुधारणा झाली. १९७७ सालीं अमेरिकेंत डोनाह्यू यांनीं सैल वेष्टनाचा पुरस्कार केला. १९८६ सालीं डीमीस्टर यांनीं आपला अनुभव मांडून वेष्टनाची लांबी एका सेंटीमीटरावर आणली. शिवतांना नलिकेंत एक जाड नळी घालून ठेवावयाची, म्हणजे वेढा आवळला जात नाहीं, हा त्यांतला विशेष. सहा सेंटीमीटरांचें एक झालें, आणि तरी आम्ल अडलें. गिळण्याचा त्रास मात्र पुष्कळ कमी झाला.

या काळांत सोप्या उपायाचा मोहहि झाला. १९७९ सालीं अमेरिकेचे डॉ. अँजेल्चिक यांनीं सिलिकोनची एक अर्धगोल कडी काढली. ती अन्ननलिकेभोंवतीं बसवून दोरीनें बांधली कीं काम झालें. शिवण्याचें कौशल्य नको, वेळहि थोडा. हजारों रुग्णांत ती बसविली गेली. पण घांस अडूं लागला, कडी जागा सोडून सरकूं लागली, क्वचित् ती आंतल्या इंद्रियालाच भोंक पाडी. आणि पुष्कळांना ती काढण्यासाठीं पुन्हां शस्त्रक्रिया करावी लागली. कांहीं वर्षांतच ती मागें पडली.

त्याच सुमारास औषधांनींहि मोठी मजल मारली. आम्ल कमी करणारें सिमेटिडीन १९७६ सालीं इंग्लंडांत आलें, आणि त्याहून कितीतरी प्रभावी ओमेप्रॅझोल १९८८ सालीं वापरांत आलें. एका गोळीनें जळजळ थांबूं लागली, तेव्हां शस्त्राची गरज उरली नाहीं असें अनेकांस वाटलें. पण गोळी आम्ल कमी करते. दार मिटवीत नाहीं. अन्न आणि पाणी वर येणें, तें श्वासनलिकेंत जाणें, किंवा जठरच छातींत अडकणें, यांवर तिचा उपाय चालत नाहीं. शिवाय, १९९१ च्या जानेवारींत बेल्जममधील लिएज येथें डॉ. बर्नार द्लमान्य यांनीं निस्सेन यांची शस्त्रक्रिया पोटावर लहान छिद्रें पाडून, दुर्बिणीच्या साह्यानें केली. जिच्यासाठीं पूर्वीं छाती किंवा पोट हातभर उघडावें लागे, ती कांहीं लहान छिद्रांतून होऊं लागली, आणि रोगी एक-दोन दिवसांत घरीं जाऊं लागला.

शस्त्रक्रिया सोपी झाली. टिकाऊपणाचा जुना प्रश्न मात्र तसाच राहिला. मोठ्या अंतर्गळांत छिद्राची शिवण उसवते. म्हणून तेथें जाळीचें ठिगळ लावावें, असा विचार पुढें आला. अमेरिकेंत १०८ रुग्णांवर याची परीक्षा झाली. निम्म्यांना डुकराच्या आंतड्यापासून तयार केलेलें, शरीरांत विरणारें ठिगळ लावलें, उरलेल्यांना नुसते टांके. २००६ सालीं सहा महिन्यांचा निकाल आला : अंतर्गळ परत येण्याचें प्रमाण ठिगळवाल्यांत शेंकडा ९, इतरांत शेंकडा २४. ठिगळाची सरशी झाली असें वाटलें. पण २०११ सालीं, जवळजवळ पांच वर्षांनंतर, त्याच रुग्णांची पुन्हां तपासणी झाली, तेव्हां हे आंकडे ५४ आणि ५९ असे निघाले. म्हणजे दोन्ही गटांत अर्ध्यांहून अधिकांत अंतर्गळ परत आलेला! आणि तरी बहुतेकांचा त्रास मात्र पूर्वींपेक्षां पुष्कळच कमी होता. त्यांच्यापैकीं फारच थोड्यांना पुन्हां शस्त्रक्रिया लागली. लहानसा अंतर्गळ छायाचित्रांत दिसतो, पण झडप शाबूत असेल तर रोग्याला त्याची वार्ताहि नसते. छिद्र आणि दार यांतील भेदाचा याहून स्पष्ट पुरावा कोणता?

दीर्घ मुदतीचा हिशेबहि आतां मांडला गेला आहे. अमेरिकेंतील एका परीक्षेंतील रुग्णांचा दहा-तेरा वर्षांनंतर मागोवा घेतला, तेव्हां शस्त्रक्रिया झालेल्यांपैकीं शेंकडा ६२ जण आम्लाचीं औषधें पुन्हां नियमित घेत होते, असें २००१ सालीं प्रसिद्ध झालें. औषध घेणाऱ्या प्रत्येकालाच आम्लाचा उपद्रव असतो असें नाहीं. तरी ही संख्या लहान नव्हे. स्वीडनमध्यें दुर्बिणीनें शस्त्रक्रिया झालेल्या २,६५५ रुग्णांची पाहणी २०१७ सालीं प्रसिद्ध झाली. तींत रोग परतण्याचें प्रमाण शेंकडा १७.७ होतें. उलट २०१९ सालीं अमेरिकेंत, गोळ्यांनीं न थांबणारी जळजळ असलेल्या ३६६ जणांची कसून तपासणी झाली. त्यांतल्या अवघ्या ७८ जणांची जळजळ खरोखर औषधाला न जुमानणाऱ्या उसळीची ठरली. पण तेवढ्यांत शस्त्रक्रियेचा गुण शेंकडा ६७ जणांना आला, आणि औषधें वाढविलेल्यांपैकीं शेंकडा २८ जणांनाच. निवड नीट झाली तर शस्त्र यशस्वी होतें. ज्याचें दार मुळांत सैल नाहीं, त्याचें दार शिवून काय होणार?

निवडीनंतर आणि कौशल्यानंतर तिसरी गोष्ट उरते, ती शस्त्रक्रियेनंतरच्या पथ्याची. तिच्यांतहि या साठ-सत्तर वर्षांचा अनुभव सांठलेला आहे. वेष्टन प्रथम सुजलेलें असतें. म्हणून आरंभीं द्रव आहार, मग कांहीं आठवडे मऊ भात, पेज, खिमट, शिजवून घोटलेल्या भाज्या. कोरडी भाकरी, टणक पोळी, मांसाचे मोठे तुकडे हे घाईनें सुरू केले तर घांस अडतो. घांस लहान घ्यावा, पुष्कळ चावावा, आणि जेवण दोन वेळां पोटभर न करतां थोडें थोडें पांच-सहा वेळां करावें. सोडा वॉटरसारखीं वायूचीं पेयें टाळावींत; कारण ढेकर सहज येत नाहीं आणि वायु कोंडतो.

पहिल्या कांहीं दिवसांत उलटीचा उमाळा हा टांक्यांचा मोठा शत्रु. म्हणून मळमळ वाटतांच वैद्याला कळवावें. ती थांबविण्याचीं औषधें आहेत. जड ओझें उचलणें साधारण महिना-दीड महिना वर्ज्य. खोकला आणि बद्धकोष्ठ यांची उपेक्षा करूं नये. कारण प्रत्येक कुंथण्याबरोबर पोटांतला दाब त्याच शिवणीवर आदळतो. पुढें जन्मभर पाळावयाचें पथ्य मात्र साधें आहे : वजन वाढूं न देणें, तंबाखूचा धूर वर्ज्य करणें, रात्रीचें जेवण झोंपण्यापूर्वीं दोन-तीन तास उरकणें. जळजळ पुन्हां डोकावूं लागली, तर खाटेचे उशाकडील पाय वीतभर उंच करावेत आणि डाव्या कुशीवर निजावें. या कुशीवर जठर अन्ननलिकेच्या खालीं राहतें आणि आम्ल वर येण्यास अडथळा होतो. परंतु घांस पुन्हां अडूं लागला, छातींत एकाएकीं तीव्र वेदना झाल्या, किंवा उमाळे येऊनहि कांहीं बाहेर पडेना, तर घरगुती उपायांत वेळ न घालवितां तत्काळ रुग्णालय गांठावें.

रुडॉल्फ निस्सेन १९६७ सालीं सेवानिवृत्त झाले आणि १९८१ सालीं बाझेलजवळ मरण पावले. त्यांच्या सहा सेंटीमीटरांच्या वेष्टनाचें आज एक-दोन सेंटीमीटर उरलें आहे. शिवण्याची वाट, हत्यारें आणि रोग्याची निवड, सारें बदललें आहे. बॉडिच यांनीं मृतांचीं अठ्ठ्याऐंशीं वृत्तें गोळा केलीं, त्या वेळीं रोग्याला विचारण्याची सोयच नव्हती. क्ष-किरण आले आणि रोग्याला विचारण्याऐवजीं काचेवरचें चित्र पाहण्याची संवय लागली. ती संवय मोडण्याचें श्रेय इस्तंबूलच्या एका रोग्याची वार्ता वर्षानुवर्षें ध्यानांत ठेवणाऱ्या निस्सेन यांना, एक हजार तीस रुग्णांपर्यंत थांबणाऱ्या बेल्सी यांना, आणि स्वतःच्या अपयशाची मोजदाद करणाऱ्या अॅलिसन यांना आहे. शस्त्रवैद्याचें काम शेवटचा टांका घातल्यावर संपत नाहीं. पांच वर्षांनीं, दहा वर्षांनीं त्या माणसाला जेवण गोड लागतें कीं नाहीं आणि रात्रीं सुखानें झोंप येते कीं नाहीं, हें विचारल्यावर तें पुरें होतें.